हायस्कुलात लॅक्रॉसची टीम उभी करायची आहे: पालकांनी काय करावं, काय करू नये?

टेकाडावरचा

नमस्कार मंडळी. ऑस्टिनच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. मुलगा यंदा आठवीत आहे, चौथीपासून गावातल्या क्लबात लॅक्रॉस खेळतो. पुढच्या वर्षी तो ज्या हायस्कुलात जाणार तिथे टीमच नाही. वीसेक पोरं तयार आहेत, पालकही उत्साहात आहेत. या उत्साहाचीच थोडी धास्ती वाटते म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडचं चित्र आधी सांगतो, कारण न्यू जर्सी-मेरीलँडवाल्यांना ते पटकन लक्षात येत नाही. टेक्सासमध्ये सरकारी शाळांच्या स्पर्धा यूआयएल (युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग) ही संस्था चालवते, फुटबॉलपासून मार्चिंग बँडपर्यंत. त्या यादीत लॅक्रॉस नाही. त्यामुळे जर्सीवर शाळेचं नाव असलं तरी टीम शाळेची नसते. कोचचं मानधन, मैदानाचं भाडं, पंचांचे पैसे, विमा, प्रवास हे सगळं पालकांनी काढलेली ना-नफा संस्था बघते आणि टीम टेक्सास हायस्कूल लॅक्रॉस लीगमध्ये उतरते. मुलींची लीग वेगळी आहे. मोसम वसंत ऋतूतला, फेब्रुवारीत सुरू होऊन मे उजाडेपर्यंत.

शाळेच्या अ‍ॅथलेटिक डायरेक्टरना भेटून आलो. माणूस सज्जन आहे. नाव वापरायला त्यांची हरकत नाही, मैदान मात्र फुटबॉल, सॉकर आणि ट्रॅकनंतर उरेल तेव्हा. पैसे शून्य.

ज्यांनी अशी टीम शून्यातून उभी केलीय किंवा उभी राहताना पाहिलीय त्यांनी कृपया लिहा. काय चुकतं तेही लिहा.

सदाशिवपेठी

अडाणी प्रश्न. हा खेळ नक्की काय आहे? आत्ता यूट्यूबवर पाहिला. पोरं जाळीच्या काठ्यांनी एकमेकांना बडवत होती आणि मधेच कुणीतरी गोल केला.

टेकाडावरचा

@सदाशिवपेठी, हाहा, पहिल्यांदा मलाही तेवढंच दिसलं होतं.

मुलांच्या खेळात एका बाजूला दहा जण: गोली, तीन बचावाला, तीन मिडफिल्डर (सगळे ‘मिडी’ म्हणतात) आणि तीन अटॅकला. काठीच्या टोकाला जाळीचा खिसा असतो, त्यात चेंडू झुलवत पळायचं, फेकायचं, झेलायचं. चेंडू भरीव रबराचा, क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा किंचित हलका. गोल सहा फूट बाय सहा फूट. मैदान ११० यार्ड लांब, अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात बसतं. हायस्कुलात बारा-बारा मिनिटांचे चार क्वार्टर. मुलांमध्ये अंगाने धडक द्यायला परवानगी आहे, म्हणून हेल्मेट, ग्लव्हज, खांद्याचे आणि कोपराचे पॅड. मुलींच्या खेळात धडक नाही, त्यामुळे गोली सोडून बाकीच्यांना गॉगल आणि माउथगार्ड.

मिडी सारखे पळत असतात, म्हणून ते तीन-तीनच्या तुकड्यांनी बदलतात. वीस पोरंसुद्धा कमीच पडतात ती यामुळे.

मीठभाकर

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट आलं, हे आपल्याकडे पोराटोरांना माहीत आहे. त्याच बैठकीत लॅक्रॉसही आत आला, हे कुणी छापलं की नाही कोण जाणे. तिथे सहा-सहा जणांचा छोटा प्रकार खेळवणार आहेत. तसा हा खेळ १९०४ आणि १९०८ मध्येही ऑलिंपिक पदकांसाठी खेळला गेला होता.

आणि मूळ खेळ गोऱ्यांचा नव्हे. हॉडेनोशॉनी (इरोक्वा) आणि इतर मूळनिवासी राष्ट्रांचा, त्यांच्या दृष्टीने निर्मात्यासाठी खेळायचा. आजचे लेखी नियम माँट्रियलच्या विल्यम जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने १८६७ मध्ये बांधले. हॉडेनोशॉनींचा संघ १९९० पासून जागतिक स्पर्धेत स्वतंत्र राष्ट्र म्हणून उतरतो. २०१० मध्ये ब्रिटनने त्यांचे स्वतःचे पासपोर्ट मान्य केले नाहीत, तर त्यांनी अमेरिकन किंवा कॅनडाच्या पासपोर्टवर जाण्यापेक्षा मँचेस्टरची स्पर्धा सोडून दिली. टीम काढाल तेव्हा पोरांना पहिल्या आठवड्यात हे सांगा. कोण सांगत नाही.

हिशेबनीस

डॅलसच्या बाजूला राहते. मुलगा आता कॉलेजात आहे. आमच्या टीमची खजिनदार होते, तेव्हा माझ्या खात्यातलं सगळं ओतते. लांब होईल.

पहिली गोष्ट, संस्था रीतसर नोंदवा आणि आयआरएसकडून (अमेरिकेचं कर खातं) ५०१(सी)(३) हा धर्मादाय संस्थेचा करमुक्त दर्जा घ्या. त्याशिवाय देणगीदाराला करसवलत मिळत नाही आणि कंपन्या मॅचिंग देत नाहीत. आपल्या लोकांसाठी हे मॅचिंग फार महत्त्वाचं आहे. आयटीतल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकी रक्कम स्वतः घालतात, काही कंपन्या तर स्वयंसेवेच्या तासांचेही पैसे देतात. शनिवारी स्कोअरबोर्ड सांभाळणाऱ्या बाबांचे तास पोर्टलवर चढवले तर टीमला पैसे मिळतात, आणि निम्म्या लोकांना आपल्याच कंपनीची ही सोय माहीत नसते. मोसमाच्या सुरुवातीला प्रत्येक घराला विचारा: कंपनी कोणती, मॅचिंग आहे का. एवढ्या एका प्रश्नाने कँडी विकत दारोदार फिरणं वाचतं.

एक बारीक कलम लक्षात ठेवा. मोसमाची फी ही देणगी नाही. तिच्या बदल्यात तुमच्या मुलाला खेळायला मिळतंय. फीवर मॅचिंग मागणं किंवा ती करात दाखवणं चूक आहे, आणि लोक बिनदिक्कत करतात.

दुसरी गोष्ट, जिच्यावर आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडणं झाली. पालक म्हणतात, ‘मी पाचशे डॉलर गोळा करून आणले, ते माझ्या मुलाच्या फीतून वजा करा.’ ऐकायला रास्त वाटतं. करू नका. असे वैयक्तिक खाते-हिशेब ठेवणाऱ्या व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबचा (टीमसाठी पैसे उभे करणारी पालकांची संस्था) करमुक्त दर्जा आयआरएसने काढला आणि २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने तो निर्णय कायम ठेवला. जो पैसे आणेल त्याच्याच मुलाला फायदा, बाकीच्यांना काही नाही, हा खासगी लाभ झाला, असं कोर्टाचं म्हणणं. गोळा झालेला पैसा सगळ्या टीमचा. ज्याला फी परवडत नाही त्याच्यासाठी वेगळा मदतनिधी ठेवा आणि तो गरजेवर द्या. कुणाच्या आईने किती बेक सेल केले यावर नको. मदत कुणाला मिळाली हे दोघा-तिघांपलीकडे कुणाला कळता कामा नये.

तिसरी, वार्षिक विवरण. वर्षाची जमा साधारण पन्नास हजार डॉलरच्या आत असेल तर ९९०-एन नावाचं विवरण असतं, ऑनलाइन काही मिनिटांत होतं. सोपं आहे म्हणूनच लोक विसरतात. सलग तीन वर्षं चुकलं की दर्जा आपोआप जातो. खजिनदार बदलला, जुन्याच्या ईमेलवर पत्रं येत राहिली, असं हमखास होतं. संस्थेचा ईमेल संस्थेच्या नावाने काढा.

चौथी, बँकेचं स्टेटमेंट दर महिन्याला अशा माणसाने बघायचं ज्याला चेकवर सही करायचा अधिकार नाही. हे सुचवलं तेव्हा ‘आमच्यावर विश्वास नाही का’ असं ऐकून घ्यावं लागलं. विश्वास आहे म्हणून तर पावती हवी.

कडकलक्ष्मी

हिशेबनीस, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून ठेवलीय.

मी पालक म्हणून लिहिते, पदाधिकारी कधीच नव्हते. आपल्या लोकांना गणपती मंडळ चालवायची सवय आहे, त्यामुळे वर्गणी, जेवणं, मांडव, सूत्रसंचालन यात आपल्याला कुणी हात धरू शकत नाही. पण जो जास्त वर्गणी देतो तो आरतीला पुढे उभा राहतो, हीही मंडळातलीच सवय. टीममध्ये ती आली की खेळ संपला. आमच्या आधीच्या गावात असंच झालं. गोलपोस्टची जोडी एका कुटुंबाने दिली. मग त्यांचा मुलगा मिडीच्या पहिल्या तुकडीत. का, ते सगळ्यांना कळलं, बोललं कुणीच नाही. दोन चांगली पोरं पुढच्या वर्षी आलीच नाहीत.

म्हणून माझी एकच सूचना. कोण खेळणार, किती वेळ, कुठल्या जागी, यावर कार्यकारिणीत चर्चा करायची नाही असं घटनेतच लिहा. अध्यक्षाच्या मुलाबद्दलही नाही. पालकाने कोचशी बोलायचं ते मुलाची तब्येत, अभ्यास, वागणूक यावर. जागेबद्दल बोलायचं असेल तर मुलाने स्वतः बोलावं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाने कोचसमोर उभं राहून ‘मला जास्त खेळायला मिळण्यासाठी मी काय करू’ असं विचारणं, हे त्याला पुढे नोकरीतही लागणार आहे.

आणि सामन्यानंतर चोवीस तास कोचला मेसेज नाही. रागातले मेसेज दुसऱ्या दिवशी बरेचसे पाठवायचे राहूनच जातात.

चिंगी_एनजे

आमच्याकडे न्यू जर्सीत लॅक्रॉस हा शाळांचा मान्यताप्राप्त खेळ, त्यामुळे कोच, बस, ट्रेनर शाळेचे. ओहायोत ही मान्यता २०१७ मध्ये आली. पण मान्यता मिळाली की पालक मोकळे, असं नाही. बूस्टर क्लब असतोच.

मुलीची आई म्हणून एक सांगते. शाळेचा खेळ असेल तर १९७२ चा टायटल नाइन कायदा (शिक्षणात मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी करणारा) लागू होतो, आणि पैसा बूस्टरचा आहे ही सबब चालत नाही. मुलांच्या बूस्टरने झकास लॉकर आणि नवी जर्सी दिली आणि मुली जुन्याच कपड्यात, तर जबाबदारी शाळेवर येते. आमच्या गावात मुलांचे बाबा जोरदार, मुलींकडे कुणी नव्हतं. शेवटी दोन्ही बूस्टर एकत्र केले, खातं एक. पहिलं वर्ष कुरकुरीत गेलं.

@टेकाडावरचा, तुमची संस्था स्वतंत्र आहे, शाळेची नाही, त्यामुळे कायद्याचं गणित वेगळं असेल. तरी मुलींची टीम पहिल्या दिवसापासून त्याच संस्थेत घ्या. नंतर जोडणं फार अवघड जातं.

दोनओळी

एवढी उठाठेव एका खेळासाठी? हेल्मेट एकटंच अडीच-तीनशे डॉलरचं. त्यात शिकवणी होते.

टेकाडावरचा

@दोनओळी, शिकवणीही चालू आहे हो. दोन्ही होतं.

हेल्मेटचं खरं आहे. नव्या पोराला पूर्ण साहित्य घ्यायचं म्हटलं की घरचे मागे हटतात, आणि मग हा खेळ श्रीमंतांचाच राहतो. त्यावर कुणी काही केलंय का?

मीठभाकर

साहित्याची पेटी ठेवा. मोठी झालेली पोरं जुनं देऊन जातात, नवी घेऊन जातात. यूएसए लॅक्रॉस (मेरीलँडमधल्या स्पार्क्सला मुख्यालय, २०२१ पर्यंत नाव यूएस लॅक्रॉस) नव्या टीमना साहित्य आणि प्रशिक्षण देणारी ‘फर्स्ट स्टिक’ योजना चालवते. चौकशी करा. त्यांच्या सभासदत्वाबरोबर खेळाडूंचा विमाही येतो.

स्टेथो

जुन्या पेटीबद्दल डॉक्टर म्हणून एक धोक्याची सूचना. काठ्या, ग्लव्हज जुने चालतील. छातीचं संरक्षण जुनं चालणार नाही. चेंडू छातीवर हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या नाजूक क्षणी बसला तर धडधाकट मुलाचंही हृदय बंद पडू शकतं. त्याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. दुर्मिळ आहे, पण हा खेळ त्या यादीत आहे. म्हणून मुलांच्या खेळात गोलींसाठी २०२१ पासून आणि बाकीच्यांसाठी २०२२ पासून खेळाच्या साहित्याची मानकं ठरवणाऱ्या एनओसीएसएई या संस्थेचं एनडी२०० मानक पाळणारं छातीचं संरक्षण सक्तीचं आहे. पॅडवर शिक्का बघून घ्या, नसेल तर पेटीतून काढून टाका. हेल्मेटही किती जुनं आहे, त्याला तडा आहे का, पुन्हा तपासून प्रमाणित करून घेतलंय का, ते पाहा.

आणि एईडी, म्हणजे बंद पडलेल्या हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र. शाळेच्या इमारतीत कुलपाआड असलेला एईडी संध्याकाळी सातला मैदानावर उपयोगाचा नाही. टीमचा स्वतःचा घ्या, प्रत्येक सरावाला बाकावर ठेवा, आणि तो वापरता येणारे निदान दोन पालक हजर असतील असं वेळापत्रक करा. शाळेचा अ‍ॅथलेटिक ट्रेनर तुम्हाला मिळणार नाही, तर डोक्याला मार लागलेल्या पोराला परत मैदानात सोडायचं नाही हे ठरवणारं कुणीतरी लागेल. ते त्या पोराचे बाबा नसावेत, कोचही नसावा.

माझ्या मते नव्या टीमच्या पहिल्या पैशातून छातीचं संरक्षण आणि एईडी हे दोन खर्च व्हावेत. ट्रॅकसूट नंतर.

जुनाखेळाडू

कॉलेजात क्लब पातळीवर खेळलोय, आता एका टीमला मदतनीस कोच आहे. कोच कुठून आणायचा यावर कुणी बोललं नाही.

पालकाला मुख्य कोच करू नका. चांगला असला तरी. मदतनीस चालेल, आपला मुलगा ज्या तुकडीत नाही तिथे. ऑस्टिनला तुम्हाला एक सोय आहे: यूटीची (टेक्सास विद्यापीठाची) टीम एमसीएलएमध्ये, म्हणजे क्लब पातळीवर खेळते. त्यातली पोरं आणि नुकती पास झालेली माणसं मदतनीस म्हणून मिळू शकतात. मुख्य कोच मात्र शाळेत शिकवणारा असेल तर सोनं. तो दिवसभर कॉरिडॉरमध्ये असतो, कोण नापास होतंय ते त्याला कळतं, आणि मैदानासाठी फुटबॉल कोचशी तो जेवणाच्या सुट्टीत बोलू शकतो. त्याला खेळ थोडा कमी येत असला तरी चालतं. खेळ मदतनीस शिकवतील.

कोच, मदतनीस, प्रवासाला येणारे पालक, सगळ्यांची पार्श्वभूमी तपासणी आणि सेफस्पोर्टचं (खेळाडूंशी गैरवर्तन रोखण्याचं) प्रशिक्षण करून घ्या. एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल, गाडीत किंवा खोलीत, कधीच नाही. याला अपवाद ठेवू नका, ओळखीचा आहे म्हणून तर अजिबात नाही.

फुटबॉल कोचशी गोडीने वागा. पोरं चोरायला आलात असं त्याला वाटलं की मैदान गेलंच. उलट त्याला सांगा की तुझे पळणारे, धडक देणारे गडी वसंतात आमच्याकडे पाठव, मोडतोड न करता परत देऊ. फेस-ऑफला, म्हणजे खेळ सुरू होताना दोघांत चेंडूसाठी होणाऱ्या झटापटीत, कुस्ती खेळणारी पोरं काय कमाल करतात ते बघाल. सिराक्यूजला जिम ब्राऊन फुटबॉल आणि लॅक्रॉस दोन्ही खेळला आणि दोन्हींच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, हे त्या कोचला माहीत असतंच, तरी बोलता बोलता काढा.

आता स्कॉलरशिप. पहिल्याच मीटिंगला कुणीतरी विचारेल, म्हणून आकडा लक्षात ठेवा. अनेक वर्षं डिव्हिजन वनमधल्या (कॉलेज खेळांची सगळ्यात वरची पातळी) पुरुषांच्या टीमला जास्तीत जास्त १२.६ स्कॉलरशिप देता यायच्या, आणि त्या चाळीसहून जास्त पोरांत वाटायच्या. २०२५ पासून नियम बदलले, बऱ्याच मोठ्या कॉलेजांत आता स्कॉलरशिपऐवजी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा आहे. पण पैसे आभाळातून पडत नाहीत, ते कॉलेजलाच आणायचे असतात. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल वगैरे) खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाही. आणि अकरावीच्या १ सप्टेंबरआधी कॉलेजच्या कोचने भरतीसाठी पोराशी बोलायचं नाही, हा नियम २०१७ पासून आहे. तेव्हा आठवीतल्या पोराला दर शनिवार-रविवार विमानाने स्पर्धेला नेणाऱ्या पालकांना निवांत बसवा. तो पैसा मैदानाच्या भाड्यात घाला.

सदाशिवपेठी

वाचतोय. मैदानावर रेघा कोण मारतं?

जुनाखेळाडू

बाबा लोक. यजमान टीमला घड्याळ, स्कोअरचं टेबल, रेघा सगळं बघावं लागतं. शनिवारी पहाटे रेघांचं यंत्र ढकलताना जेवढी चर्चा होते तेवढी कार्यकारिणीत होत नाही. अमुक डॉलर भरून यातून सुटका देऊ नका. सगळ्यांनी करायचं. ज्याने रेघ मारलीय तो पंचावर कमी ओरडतो, असं माझं निरीक्षण आहे. आणि पंच आधीच कमी आहेत, ओरडा खाऊन आणखी कमी होतात. चाहत्यांच्या बाजूला रोज एक पालक ठेवा ज्याचं काम एवढंच: कुणी सुरू झालं की जाऊन खांद्यावर हात ठेवायचा.

कडकलक्ष्मी

तो पालक शक्यतो आई असावी. खांद्यावर हात ठेवायची गरज पडत नाही, नुसतं बघितलं तरी पुरतं.

चिंगी_एनजे

कन्सेशन स्टँडला (मैदानावरच्या खाण्याच्या स्टॉलला) वडापाव ठेवायचं कुणाच्या मनात आलं असेल तर आधी शाळेला आणि काउंटीला विचारा. बऱ्याच ठिकाणी घरी केलेलं खाणं विकायला बंदी असते. आमचे वडे बंद पडले, पिझ्झा आणि गेटोरेड चालू आहे.

हिशेबनीस

एक राहिलं, आणि मला वाटतं तेच सगळ्यात मोठं आहे. आमच्या आसपास बंद पडलेल्या टीम मी पाहिल्या. पैसे संपून फार थोड्या बंद पडल्या. ज्यांनी सुरू केल्या त्यांची मुलं बारावी पास झाली आणि आईबाप घरी बसले, म्हणून बंद पडल्या. पासवर्ड त्यांच्याकडे, मैदानाच्या माणसाचा फोन त्यांच्याकडे, जर्सीवाला त्यांच्या ओळखीचा. चार वर्षांत सगळं उभं राहिलं आणि एका उन्हाळ्यात गेलं.

म्हणून कार्यकारिणीत बारावीच्या पालकांना मुख्य पद द्यायचं नाही. अध्यक्ष दहावी-अकरावीचे, त्यांच्या हाताखाली नववीचे, आणि एक जागा मिडल स्कूलच्या पालकाची, कायमची. खजिनदार दोन वर्षांनी बदलतो, आधीचं एक वर्ष बरोबर बसून शिकतो. आणि गावातला तिसरी ते आठवीचा क्लब तुमच्याशी जोडलेला ठेवा. हायस्कूलच्या पोरांनी शुक्रवारी जाऊन लहानांना चेंडू झेलायला शिकवलं की ती लहान पोरं तीन वर्षांनी दाराशी उभी असतात. त्यांचे आईबापही.

टेकाडावरचा

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आत्तापर्यंत ठरलेलं सांगतो. घटनेत खेळण्याच्या वेळेचं कलम घालतोय, कडकलक्ष्मींच्याच शब्दांत, भाषांतर करून. वैयक्तिक खाती नाहीत. यावर एका गृहस्थांनी मीटिंग सोडली, नंतर परत आले. एईडीची किंमत काढली, तो पहिल्या यादीत आहे. मुलींकडून सध्या सातच नावं आहेत, तरी संस्था एकच ठेवतोय. सात जणींना पुढच्या वर्षीपर्यंत शेजारच्या शाळेच्या टीमबरोबर खेळायला मिळतं का ते लीगला विचारलंय.

मी अध्यक्ष होणार होतो. हिशेबनीसांची शेवटची पोस्ट वाचून ते दुसऱ्या एका बाईंना दिलं, त्यांचा धाकटा सहावीत आहे. मी मैदान आणि रेघा.

अजून गोली नाही. बेसबॉलचा एखादा कॅचर (आपल्या विकेटकीपरसारखा) पटवायचा विचार आहे. कुणाला अनुभव?

जुनाखेळाडू

कॅचर उत्तम, चेंडूला घाबरत नाही. पण कॅचरला चेंडू अंगावर घ्यायची सवय असते, इथे आधी काठीने अडवायचा असतो. आणि बेसबॉलचा मोसमही वसंतातच, त्यामुळे बेसबॉल कोच सोडणार नाही. त्यापेक्षा बेसबॉलच्या टीममधून नाव कटलेला कॅचर शोधा. टीम जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी फोन करा, उशीर करू नका.